मी कधीमधीच घेतो

२ जून
योगिनी सुट्टीत घरी आलीय. लेक डेंटिस्ट होणार, आपल्याला लई अभिमान. पण आल्या आल्या म्हणे, पप्पा, दारूनं कॅन्सर होतो. तोंडाचा, घशाचा, लिव्हरचा. मी म्हणलं, तो तंबाखूनं. मी सुपारीलाही हात लावत नाय. ती म्हणे, नुसत्या दारूनं पण होतो. ह्यासाठी फी भरतोय का आपण?

५ जून
मधला मार्ग काढला. व्हिस्की बंद, रेड वाइन चालू. द्राक्षं म्हणजे फळच. योगिनी म्हणे, बाटली बदलली तरी आतलं अल्कोहोल तेच. ह्या पोरीला बापाचं कौतुकच नाय.

८ जून
वाइननं काहीच होत नाय. वरून थोडी व्हिस्की घ्यावी लागली.

११ जून, सकाळी
ठरलं. फुल चेकअप करणार. सगळ्यांची तोंडं बंद.

१३ जून
डॉक्टरांनी विचारलं, किती घेता? म्हणलं, कधीमधी. बायकोला कुणी विचारलंच नव्हतं. तरी अंबिका म्हणाली, मॅच जिंकल्यावर, हरल्यावर, कंपनीत साहेब ओरडल्यावर, नाय ओरडला तर त्या आनंदात.
जिभेच्या कडेला पांढरा चट्टा निघाला. ठेच्याचा असणार. डॉक्टरांनी तपासायला जरासा तुकडा काढला, टाका घातला. दारू बंद म्हणाले. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे व्हय म्हणलं असं नाय.

१५ जून
झोप नाय. उकाडा लई. योगिनी दिवसभर गप्प. टॉर्च घेऊन पुन्हा पुन्हा माझी जीभ बघते. भाषण देत होती तेव्हा बरी होती.

१८ जून, दुपारी
रिपोर्ट आला. कॅन्सर नाय! डॉक्टर पुढं म्हणाले, पेशी बदलायला लागल्यात, चट्टा काढावा लागंल, पीत राहिलात तर पुढची गॅरंटी नाय. पण मुख्य बातमी पहिल्या वाक्यातच असते.
बिभीषणला फोन केला. वाळूजच्या कंपनीत एकाच लाइनवर काम, प्यायलाही कायम सोबत. म्हणलं, पार्टी! तो म्हणाला, तुझं ऐकून मीबी डॉक्टरला तोंड दाखवून आलो. दारू सोडली. भित्रा कुठला.

संध्याकाळी
गच्चीवर एकटाच बसलो. पहिला घोट घेतला अन् जिभेला आग लागली. सगळं अंगावर सांडलं. योगिनी वर आली. वाटलं, आता बोलंल. पण ती शेजारी बसून रडायला लागली. मग खाली जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली.
सगळं प्यालो. तहान लागली होती म्हणून.