आपला कॅचर दिला, सर

सर, आपल्या टीमने आपला कॅचर दुसऱ्या टीमला देऊन टाकला. जुलैअखेर, सीझन ऐन रंगात आलेला असताना. तुम्हाला ही टीम कोणती ते ठाऊकच नाही, आणि गंमत म्हणजे तिची टोपी मी वर्षानुवर्षं तुमच्याच डोक्यावर पाहिली. ती उन्हाने विटलेली निळी टोपी कुणा पाहुण्या प्रशिक्षकाने तुम्हाला दिली होती. तिच्यावरचं इंग्रजी अक्षर कशाचं, हे अख्ख्या अमरावतीत कुणाला माहीत नव्हतं. विचारलं की तुम्ही म्हणायचात, "उन्हापासून वाचवते ना, मंग झालं तं." इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला नोकरीला लागल्यावर एकदा ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर अमेरिकेतला बेसबॉलचा सामना चालू होता आणि खेळाडूंच्या टोप्यांवर तेच अक्षर. मी हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिले. त्या दिवसापासून ती आपली टीम.

आपण खेळायचो तो सॉफ्टबॉल, हा त्याचा थोरला भाऊ, त्यामुळे तुम्हाला समजावून सांगायला नको. गेल्या वर्षी कोरोनाने सगळा सीझनच आखूड केला, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले बिचारे. यंदा माणसं परत आली आणि आपणही गटात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर घुटमळतोय. दुखणं तुमच्या ओळखीचंच आहे, पिचिंग. चेंडू टाकणारे पहिले दोघे उत्तम, त्यांच्यानंतर देवाचा धावा. पहिला नंबर आता कठीण दिसतो, पण वाइल्ड कार्ड आहे, म्हणजे पहिला नंबर हुकलेल्यांना प्लेऑफमध्ये शिरायचं मागचं दार. त्यासाठी एक डावखुरा पिचर हवा होता, आणि तो ज्यांच्याकडे होता त्यांना कॅचर हवा होता. मग दिला. इतकी वर्षं तोंडावर जाळीचा मास्क चढवून होमप्लेटमागे उकिडवं बसून गुडघ्यांची वाट लावून घेतलेला माणूस! सौदा चोख आहे हे मला कळतं, म्हणून तर राग जास्त येतो.

हा राग मी कुंपणापलीकडच्या शेजारआजोबांपुढे काढला. ते तरुणपणी हर्लिंग खेळायचे, काठी आणि चेंडूचा इथला खेळ. त्यात ज्या गावचा माणूस त्याच गावाकडून आयुष्यभर खेळतो. खेळाडूची अदलाबदल होते हे ऐकून ते गुलाबांना पाणी घालायचे थांबले. "यू कान्ट स्वॉप अ मॅन, गर्ल," म्हणाले. "ही'ज नॉट अ सेकंड-हँड कार." मी म्हटलं, आजोबा, मला स्वतःलाच असं दिलेलं आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

आठवतं ना, सर? तुमचं क्रीडा मंडळ आणि स्टेशनपलीकडचं मंडळ. दिवाळीनंतरच्या स्पर्धा अर्ध्यावर आल्या होत्या आणि तुम्ही मला मैदानाच्या कडेला बोलावलंत. नळावर पोरी पाणी पिताहेत, तुम्ही पाठीमागे हात बांधून उभे, आणि सांगताय की उद्यापासून मी त्यांच्याकडे. माझ्या बदल्यात त्यांची पिचर येणार होती, आणि वर एक चेस्ट गार्ड. तो चेस्ट गार्ड मला पिचरपेक्षा झोंबला. मी तावातावाने विचारलं, माझं काय चुकलं? तुम्ही म्हणालात, "चुकलं काई नाई. कॅचर कितीबी चांगली असली तरी चेंडू कोनीतरी टाकाच लागते ना, पोरी." माझे डोळे भरून आलेले पाहिलेत आणि जरा खेकसलातच, "रडाचं असंन तं मास्क घालून रड. कॅचरले तेवढी सोय हाये." मग स्वतःचा ग्लोव्ह माझ्या सायकलच्या हँडलला अडकवलात आणि टोपी खाली ओढून निघून गेलात. तो ग्लोव्ह अजून माझ्याकडे आहे. स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, इथे कपाटाला प्रेसच म्हणतात, डाळीच्या डब्यांमागे.

तुमच्याकडे माझ्याहून मोठी, माझ्याहून तयार कॅचर होती, हे खरंच. तुमच्याकडे राहिले असते तर बाकावर बसून संत्री सोलत राहिले असते. पलीकडच्यांकडे रोज खेळायला मिळालं. पण तुम्ही ते माझ्यासाठी केलंत, की तुम्हाला नुसती पिचर हवी होती? हे मी कधी विचारलं नाही. मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात, आणि विचारायचं राहूनच गेलं. आता नोकरी आहे, घर आहे, लेक माझ्या खांद्याला लागलीय, तरी टीव्हीवर कुणा खेळाडूला दिल्याची बातमी आली की मी पुन्हा त्या नळापाशी उभी असते.

आणि काल, रविवारी, तोच कॅचर आपल्याविरुद्ध खेळायला आला. तिकडची दुपार म्हणजे इथे संध्याकाळ, बाहेर लख्ख उजेड, गॅसवर खिचडी. नवा डावखुरा छानच टाकत होता, मान्य करायलाच हवं. शेवटच्या डावात आपल्याला बरोबरीला एक धाव हवी होती. आपला गडी तिसऱ्या बेसवरून सुटला, चेंडू मैदानाच्या टोकाकडून आला, आणि त्या म्हाताऱ्याने मास्क फेकून, गुडघा टेकून, प्लेटच्या वीतभर अलीकडे चेंडू लावून त्याला टिपलं. आऊट. सामना गेला. वाइल्ड कार्डचं दार आणखी थोडं लोटलं गेलं. आणि मी, सर, सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होते. लेक बघतच राहिली. "मम! ही'ज नॉट इव्हन यूअर्स एनीमोर, लाइक." मी म्हटलं, "असं कसं? आपलाच आहे तो." ती म्हणाली, "बट वी लॉस्ट!" खिचडी खाली लागली, ते वेगळंच.

जेवताना मला तुमच्या टाळ्या आठवल्या. त्याच वर्षीची सेमीफायनल, तुमच्या मंडळाविरुद्ध. तुमच्या टीममधली एक मुलगी तिसऱ्या बेसवरून धावत आली आणि मी तिला असंच प्लेटपाशी टिपलं. डाव संपला. तुमच्या पोरी खाली माना घालून बसलेल्या, माझ्या नव्या टीमला अजून काय झालं ते उमगलेलं नाही, आणि त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवतोय. निळी टोपी काखेत धरून, स्वतःच्या बाकासमोर उभं राहून. तुमची ती पिचर तुमच्याकडे अशी बघत होती, जशी काल माझी लेक माझ्याकडे.

तर प्लेऑफचं विचाराल तर मला अजून आशा आहे. डावखुऱ्याचा खांदा टिकला तर शिरू आपण. आणि नाहीच शिरलो, तर तो म्हातारा तरी त्यांच्याकडून शिरू दे. हे पत्र टाकायला पेटी नाही, घडी करून तुमच्या ग्लोव्हमध्ये ठेवीन.

एक मात्र सांगते. त्या दिवशी डाव संपल्यावर मी जमिनीवरचा मास्क उचलून पुन्हा तोंडावर चढवला आणि तुमच्यासमोरून तशीच निघून गेले. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी अजून रुसलीय. रुसले नव्हते, सर. तुम्ही सांगितलेली सोय वापरत होते.