मागची काच

मुदखेड
१३ नोव्हेंबर २०२५

सबिहा,

सलाम. अमीरबी खालांचे गुडघे कसे आहेत? मी आठ दिवसांपासून इथं जगदेवीअक्काकडे रजेवर आहे. सकाळी तिच्यासोबत मळ्यात गुलाब तोडते. तिच्या शिवांशला चित्रकलेचं बक्षीस मिळालं.

इथपर्यंत लिहून दोन कागद फाडले.

मार्चमध्ये चाचा गेले तेव्हा मी तुमच्या दारात आले नाही. ड्यूटी आहे म्हणून कळवलं. सबिहा, देवणी रस्त्यावरच्या त्या नाकाबंदीत मी होते.

दुपारचे अडीच वाजले होते. पांढऱ्या व्हॅनमधून गुटखा येतोय अशी खबर होती. फौजदारसाहेबांनी बॅरिकेड लावून मधे एका गाडीपुरती जागा ठेवली होती. उसाच्या ट्रॅक्टरमागून चाचांची पांढरी व्हॅन आली, सावकाश. सुदर्शन हवालदारांनी हात दाखवला, पण तो हात ट्रॅक्टरच्या आड गेला. मी डाव्या बाजूनं शिट्टी वाजवली. व्हॅन पुढं निघून गेली. साहेब ओरडले, "थांब बे!" आणि गोळी झाडली. मागची काच फुटली. व्हॅन बाभळीला जाऊन टेकली.

जबाबात आलं, गाडी पोलिसांच्या अंगावर घातली. हवालदार म्हणाले, "अंबिका, सही कर. साहेबाची नोकरी जाईल, आपली बी. गेलेला माणूस परत येतो व्हय?"

मी सही केली.

तू ठाण्यापुढं व्हॅनचा फोटो धरून विचारत होतीस, अंगावर घातली तर समोरची काच शाबूत कशी? मी आत खिडकीआड उभी होते.

परवा चौकशी अधिकाऱ्यांपुढं मी खरं सांगून आले. गाडी कुणाच्याच अंगावर आली नव्हती, गोळी मागून लागली. हवालदार तिथंच तोंड फिरवून गेले. साहेबांवर गुन्हा दाखल होईल म्हणतात. खोट्या जबाबासाठी माझ्यावरही कारवाई होईल. होऊ दे.

पण एक गोष्ट त्यांनी विचारली नाही, आणि मीही सांगितली नाही.

व्हॅन मी लांबूनच ओळखली होती. शिलाई मशीन दुरुस्तीची पाटी होती ना तिच्यावर. दहावीच्या पेपरांना चाचा आपल्याला उदगीरला न्यायचे. मी शेजारी बसून बडबडत राहायचे आणि तू मागून हसायचीस, "अगं, अब्बांना त्या डाव्या कानानं काहीच ऐकू येत न्हाई, खांद्याला हात लाव!" उजव्यानंही जेमतेमच, हे मला माहीत होतं.

साहेबांनी पिस्तूल काढलं तेव्हा "साहेब, ओळखीचे हायत, त्यांना ऐकू येत न्हाई" एवढंच म्हणायचं होतं. वेळ होता. पण आठवड्यापूर्वीच त्यांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं होतं, "हर गाडी तुझ्याच ओळखीची कशी गं? नोकरी करून राहिली का सोयरीक?" सगळे हसले होते. पुन्हा तसं हसतील म्हणून मी गप्प बसले. सबिहा, कारण एवढंच होतं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

हे पत्र तुमच्या वकिलांना दे. भर कोर्टात त्यांना मला हे विचारायला लाव. मी आपणहून बोलेन, असा भरवसा माझ्यावर ठेवू नकोस.

वेळेवर एक वाक्य बोलता आलं नाही ती,
अंबिका