पुसून टाकलेली लाट

प्रिय वैशू,

सप्रेम जय भीम. फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहून तुझ्या शेजारच्या राजरत्नच्या मोबाइलवर पाठवतोय.

इथे लेकीकडे मी मजेत आहे. उन्हाळ्यातही स्वेटर लागतो, एवढंच. तुझे गुडघे कसे आहेत?

आम्रपालीचं हवामानाचं काम आता मला थोडं उमगतं. भरलेली बादली दाणकन ठेवली की पाणी हिंदकळतं ना, तसं कॉम्प्युटरमध्ये ताजी मोजमापं भरली की हवेच्या खोट्या लाटा उठतात. त्या पुसून मगच अंदाज काढतात. आज मुंबईजवळच्या समुद्रावरच्या हवेतली एक लाट अशीच पुसली गेली. आम्रपालीला ती खरी वाटते. ती ठेवून तिने गणित पुन्हा केलं, तर उद्याचा सगळा पाऊस तुमच्या परळवर आला. तिचे साहेब मानत नाहीत.

जेवताना तिने विचारलं, "बाबा, आत्याची खोली तळमजल्यावरच ना?" मी हो म्हटलं. ती ताटावरून उठली.

विटांवर पलंग चढवून भागेल असं समजू नकोस. आजच वर आयव्हीबाईंकडे राहायला जा. पाऊस नाही पडला, तर मला खुशाल वेडा म्हण. ते ऐकायला मी फोनजवळच बसलोय.

तुझाच,
सीतारामदादा