टेकडीनंतरचा सिनेमा

प्रिय घोडेस्वार,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली ते तूच मोज, मला दुकान आहे. तुझं पाकीट परवा मिळालं. आतलं कात्रण आधी वाचलं, सोबतची चिठ्ठी नंतर. चिठ्ठीत जे विचारलंयस त्याचं उत्तर याच पत्रात देते, पण आधी लेखाबद्दल बोलू. तुलाही तेच जास्त आवडेल.

लेख छान आहे. तू छान लिहितोस हे मी कधीच नाकारलं नाही, अगदी वकिलासमोरही नाही. तो काळापांढरा काउबॉयचा सिनेमा आपल्या दोघांशिवाय कुणाच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं. आला कधी नि उतरला कधी, कुणाला पत्ताही नाही. लोक म्हणाले, बंदुका कमी आणि विहीरच जास्त. त्याची गंमत तिथेच आहे, हे तू बरोबर ओळखलंस. उजाड माळावर एकटं घर, त्यात एक विधवा आणि तिची लहान मुलगी, आणि त्यांच्या पाण्यावर डोळा ठेवून बसलेले गुंड. जखमी घोडेस्वार दाराशी येतो, बाई त्याला बरं करते, तो गुंडांचा निकाल लावतो आणि पहाटे निघून जातो. गोळीबार आपल्याला दिसतच नाही, मुलीच्या कानांवर घट्ट दाबलेले आईचे हात तेवढे दिसतात, हे फार नेमकं लिहिलंयस. संगीताच्या जागी रहाटाची करकर आहे, हेही. वाचताना ती करकर मला ऐकू आली आणि क्षणभर मी तुझ्यावरचा राग विसरले.

पण मग ती बाई शोधायला लागले. एवढ्या मोठ्या लेखात तिच्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय. 'विहिरीवरच्या स्त्रीची छोटी पण समंजस भूमिका.' मी कात्रण इस्त्रीच्या टेबलावर आपटलं. लेक समोरच गिऱ्हाइकांच्या शर्टांना नंबराच्या चिठ्ठ्या लावत होती. तिने उचलून वाचलं, बाबांना बायका समंजसच आवडतात एवढं म्हणाली, आणि पुढचा शर्ट घेतला. लाँड्री आता तीच बघते. वाफेचं मशीन बिघडलं तर स्वतः उघडून बसते. तोंडाने फटकळ आहे, माझ्यावर गेलीय. तू तिच्याबद्दल काही विचारलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

कोटाबद्दल मात्र विचारलंस. आमच्या दुकानात पाटी आहे, सहा महिन्यांत न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही. तुझ्या करड्या कोटाला मी तीन वर्षं दिली. दर हिवाळ्यात धुऊन, वाफ देऊन टांगत होते, वेडीच होते. मग पोस्टमनला देऊन टाकला. त्याला बाह्या लांब व्हायच्या, पण त्याने तो झिजेपर्यंत वापरला.

आता लेखाच्या शेवटाकडे येते. तू लिहिलंयस, 'घोडेस्वार टेकडीपलीकडे उतरतो, एकदाही मागे वळून न पाहता, आणि सिनेमा तिथेच संपतो. हे न वळणं हीच त्याची माया.' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तू गेलास तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. घरात राहून माणसाच्या हातून लिहून होत नाही, असं म्हणत एक बॅग घेऊन पहाटे जिना उतरलास. ती वरच्या खिडकीत उभी होती. बाबा कोपऱ्यावर वळून हात करतील, असं तिने मला सांगितलं होतं. तू वळला नाहीस, आणि ती कितीतरी वेळ तिथून हलली नाही, कारण तिला वाटलं तिचीच नजर चुकली. त्याला माया म्हणतात हे आम्हाला आता पेपरातून कळलं.

आणि सिनेमा तिथे संपत नाही. तुला ते ठाऊकच नाही, कारण तू शेवटपर्यंत कधी बसलाच नाहीस. पुलापलीकडच्या त्या थिएटरात स्कूटर बाहेर काढायला गर्दी व्हायची, म्हणून घोडा टेकडीवर पोचला, पडदा काळोखा झाला, की तू उठायचास आणि माझा हात ओढायचास. दोनदा मी आले तुझ्यामागे. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मला सातवा महिना होता, पटकन उठता येईना. तू स्कूटर काढायला पुढे गेलास आणि मी खुर्चीतच राहिले. बाहेर आल्यावर तू चिडलास, एवढा वेळ काय करत होतीस म्हणून. अजून सिनेमा होता, असं मी म्हणाले. पुढे नुसती नावं असतात, असं तू म्हणालास आणि घरी पोचेपर्यंत त्या घोडेस्वाराबद्दलच बोलत राहिलास. मी मागे बसून ऐकत होते. मध्ये तोंड घालायला जागाच नव्हती.

मागच्या वर्षी लेकीने तो सिनेमा कुठूनतरी मिळवून कॉम्प्युटरवर लावला, तेव्हा खात्री करून घेतली. काळोखानंतर हिवाळा येतो. तेच घर, तीच विहीर, दार लावलेलं. टेकडीवरून घोडेस्वार परत येतो. खंगलाय, दाढी वाढलीय, घोडा लंगडतोय. बाई बादली घेऊन बाहेर येते. तो टोपी काढतो आणि हसतो, आपण मागे काही ठेवून गेलो होतो ते घ्यायला आल्यासारखा. ती त्याच्या बाजूने पुढे जाते आणि बादली घोड्यापुढे धरते. घोडा पाणी संपवेपर्यंत उभी राहते, त्याच्या मानेवरून हात फिरवते. मग बादली विसळून पालथी घालते, आत जाते, आणि दाराला अडसर लावल्याचा आवाज येतो. मग येतात तुझी ती नावं. अख्ख्या सिनेमातली सर्वांत थोर जागा ती आहे, आणि त्याची थोरवी जगाला पटवून देणाऱ्या माणसाने ती पाहिलेलीच नाही.

म्हणून हे पत्र. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांना कमी दिसतं, जिच्यासाठी गेलास ती आता सोबत नाही, हे सगळं चिठ्ठीत वाचलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मागची खोली रिकामी आहे का, असं विचारलंयस आणि वर लिहिलंयस, की त्या घराचं दार तुझ्यासाठी उघडंच असेल याची तुला खात्री आहे. खोली रिकामी आहे. लेकीला विचारलं, तिने माझ्याकडे पाहिलं आणि ठरवायचं माझ्यावर सोडलं. मी ठरवलंय. यायचंच असेल तर ये, मी बादली घेऊन बाहेर येईन. पण तुझ्याबरोबर घोडा नसेल.

तुझी नसलेली,
विहिरीवरची बाई