बोट घसरलं

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा शेकतेस का, की दिवसभर शिलाई मशीनच दामटतेस? इथे आम्ही दोघं ठीक. चर्चच्या ऑर्गनचं काम संपत आलंय. हजारभर नळ्या एकेक करून उतरवल्या, पुसल्या, परत उभ्या केल्या. थोरली नळी दोन माणसं उंच, धाकटी तुझ्या कापडावरच्या खडूएवढी. बारा तारखेला, रविवारी दुपारी, बाहेरगावच्या एक बाई तो वाजवणार आहेत आणि तू यायचंच आहेस. कारण सांगतो, पण पत्र वाचून फाडून टाक.

ताई, मला बारीक नळ्या ऐकू येत नाहीत. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही. कुणाला बोललो नाही, हिलासुद्धा नाही. आमचं काम असं चालतं, की ही बाहेर बसून पट्टी दाबते आणि मी आत नळ्यांच्या गर्दीत उभा असतो. दोन नळ्या एकदम वाजतात. सूर जुळला नसेल तर आवाज थरथरतो. ती थरथर थांबेपर्यंत नळीच्या डोक्यावरचं कडं मी वरखाली सरकवतो आणि मग पुढची म्हणून ओरडतो. बारीक नळ्यांना आता सगळा अंदाजपंचे कारभार. त्यात हिचंही वय झालं. सारखं बोट घसरतं, तीच पट्टी तीन-तीनदा दाबते. वर विचारते, जरा चढी वाटते का हो, मला मेलीला काय कळतंय म्हणा. मी करवादतो, पण कडं थोडं हलवतो. तेवढीच तिची समजूत.

वाजवताना एखादी नळी अडकली तर हाताशी असावं म्हणून मी आत, नळ्यांत हवा भरणाऱ्या पंख्याशेजारी असतो. तिथे नुसती घरघर. म्हणून तू तिसऱ्या बाकावर बस. लहानपणी सगळे माझ्या गाण्याचं कौतुक करत होते, तेव्हा मी बेसूर आहे हे तूच तोंडावर सांगितलंस. तसंच आता सांग. वरचे सूर फाटले असतील तर मी हत्यारं खाली ठेवीन. तीस वर्षं सांभाळलेली वस्तू माझ्याच कानांनी नासायला नको.

लोभ आहेच. या खेपेला तो खऱ्याच्या आड येऊ देऊ नकोस.

तुझा,
भोंग्या


ता. १४ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. स्टेशनवर तू डोळ्यांनी विचारत होतास, पण तिथे बोलले असते तर रडले असते, आणि भर फलाटावर शोभलं नसतं.

आजवर मी शेजारणींना सांगत आले की माझा भाऊ शिट्ट्या पुसतो. ते शब्द मागे घेते. आधी एकच बारीक सूर आला. कुठून आला ते कळेना, मी आपली छताकडे बघतेय. मग त्या बाईंनी खालच्या पट्टीवर पाय टेकवला आणि कानांआधी माझ्या बाकाला कळलं. मांडीवरचं चष्म्याचं घर थरथरायला लागलं. खिडक्यांच्या काचा, जमीन, माझी छाती, सगळं एकदम बोलत होतं. मला भीती वाटली रे. इतकं मोठं काही माणसाच्या हातून होतं आणि त्यातला एक हात माझ्या भावाचा, ज्याला मी शर्टाची बटणं लावायला शिकवलं! वाजवणं थांबलं तरी सूर वर छतात बराच वेळ राहिला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

आता तुझं खरं. शेवटी बाईंनी नुसत्या बारीक नळ्या वाजवल्या. एकही सूर फाटला नाही. गोड बोलत नाही, बोलायचं असतं तर गाण्याच्या वेळीच बोलले असते.

पण शेजारी वहिनी होती. डोळे मिटलेले, आणि मांडीवर उजवं बोट प्रत्येक सुराला दाबल्यासारखं हलत होतं. शेवटचा सूर गेला तेव्हा तिने एवढा मोठा श्वास सोडला की मी तिला बाहेर अंगणात धरलंच. भोंग्या, तिला दीड वर्ष माहीत आहे. तिचं बोट फक्त बारीक नळ्यांवरच घसरतं, हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? थरथर थांबेपर्यंत ते घसरतच राहतं. तिने मला शपथ घातली होती. मी ती मोडतेय, पाप माझ्या माथी.

तिच्यावर चिडायचं नाही. माया आहे तशी राहू दे, थोडी तिच्याही वाट्याला जाऊ दे.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि दोन दिवस हिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मग फादरांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, ऑर्गन सुरात आहे ना, मग आतल्या आत कोण कुठे उभं राहतं हे तुमचं तुम्ही ठरवा.

काल आम्ही जागा बदलल्या. ही पदर खोचून आत गेली, मी पट्ट्यांवर बसलो. तीस वर्षांत बाहेर बसून ऐकायची माझी पहिलीच वेळ. आधी थोरल्या नळीची पट्टी पायाने दाबली आणि दाबून तसाच बसून राहिलो. ताई, तू लिहिलंस ते कमीच लिहिलंस. शेवटी आतून हिने विचारलं, झोपलात की काय.

मग बारीक नळ्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी पट्टी दाबायची आणि तिच्या हाकेची वाट बघायची. प्रत्येक हाकेला बोट उचलत होतो. शेवटच्या नळीला मात्र ती पुढची म्हणाली तरी मी तीच पट्टी पुन्हा दाबली आणि ओरडलो, बोट घसरलं.

आतून तिचा आवाज आला. म्हणाली, ही सबब माझी आहे, तुम्ही तुमची दुसरी शोधा.

आता ताईने आम्हा दोघांवर सारखाच लोभ करावा, ही विनंती.

तुझा,
भोंग्या