पाचव्या रिळातला चेहरा

प्रिय चष्मेवाली,

सगळं बदललं तो क्षण मला बोट ठेवून दाखवता येईल. परवा मंगळवार, तीनचा खेळ, पाचवं रीळ. पडद्यावरचा म्हातारा जिन्याची शेवटची पायरी चढला, त्याने मान वर केली आणि पुढच्याच क्षणी तो जिना उतरून खाली येत होता. मध्ये जे दिसायला हवं होतं ते दिसलंच नाही. ते केबिनमध्ये, माझ्या डोक्यावरच्या तारेवर, चिमट्याला लटकत होतं.

तू म्हणशील, याने पुन्हा घोळ घातला आणि आता पानंच्या पानं सफाई देतोय. घोळ घातला हे खरं. सफाई मात्र त्याची नाही. तुझ्या दुकानात गिऱ्हाईक पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला डोळे बारीक करतं तेव्हा तू जेवढा धीर धरतेस, तेवढा धर आणि शेवटपर्यंत वाच.

मालकांनी हा आठवडा जुन्या भुताच्या सिनेमांना दिलाय हे तुला माहीत आहेच. पोस्टर चिकटवताना मला केवढं हसू येत होतं! हा म्हाताऱ्याचा सिनेमा तर मला हे काम शिकवणारे मास्तर ऑपरेटर झाले त्याच्याही आधीचा. बायको वारलेला माणूस एकटाच घरात राहतो. रोज तो जेवायला बसला की वरच्या मजल्यावर कुणीतरी चालतं. पावलं बायकोचीच, एक पाय किंचित ओढणारी. तो ऐकतो, घास चावतो, ताट धुतो, पण वर जात नाही. चार रिळं जात नाही! पाचव्यात जातो, तेव्हा वर एक चेहरा दिसतो. कापूस, डिंक आणि काजळ. डाव्या गालावर तर डिंकाचा ओघळ वाळलेला स्पष्ट दिसतो. तो आला की पहिल्या रांगेतली पोरं खिदळतात. आणि त्याच वेळी मागच्या रांगांमधली मोठी माणसं, घरदार असलेली, खुर्चीचे हात सोडत नाहीत.

रविवारी तू चहा पिता पिता विचारलंस, की एवढ्या कच्च्या भुताला मोठी माणसं अजून का घाबरतात? मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, सगळी आवाजाची करामत आहे, आवाज बंद कर, सगळे हसतील. तू म्हणालीस, “करून बघितलंस का?” मी म्हटलं, बघायचं काय त्यात! दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या थिएटरात गुपचूप करून बघितलं. आवाज बंद. म्हातारा ताटावर बसलाय, हातातला घास तोंडाशी आणून थांबलाय, नजर छताकडे. एवढंच. माझ्या मानेवर काटा आला. हे तुला सांगितलं नाही. मी तुला बऱ्याच गोष्टी सांगत नाही.

आता मंगळवार. बाराच्या खेळात आमच्या प्रतीचं पाचवं रीळ नेमकं चेहऱ्याच्या आधी फाटलं. अशा वेळी खराब तुकडा कापून काढायचा, चांगला तुकडा तारेला टांगायचा, कडा साफ करायच्या आणि मग एकेक जोड द्यायचा. मी चेहऱ्याचा तुकडा टांगला आणि तेवढ्यात तू केबिनच्या जिन्यात येऊन उभी राहिलीस. तुझे शब्द मला पाठ आहेत. “गुरुवारी पाचला बाबा घरी असतात. त्यांना तुला भेटायचंय. ये, किंवा येणार नाही असं सांग. पण मला असं लटकवून ठेवू नकोस. तीन महिने झाले. यापुढे मी विचारणार नाही.” आणि मी काय म्हणालो? “मी कुणाच्या बापाला घाबरत नाही!” तुझ्याच बापाबद्दल. तुझ्याच तोंडावर. तू चष्मा काढून पुसलास, पुन्हा घातलास आणि गेलीस. मी डोकं तापलेलं असताना आत आलो, दिसली ती दोन टोकं जोडली आणि रीळ चढवलं. चेहरा राहिला तारेवर.

मला वाटलं, लोक शिट्ट्या मारतील. एकही नाही. म्हातारा वर गेला, त्याने काहीतरी बघितलं आणि खाली येऊन दोन ताटं मांडली. दिवे लागले तरी कुणी उठेना. पुढच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प बसून एकमेकांकडे बघत होती. मग केबिनच्या जिन्यावर जड पावलं वाजली. चौकातले दातांचे डॉक्टर. एवढा धिप्पाड माणूस, भाच्यांना घेऊन आला होता. धापा टाकत म्हणाले, “अरे, लहानपणी बघितलाय मी हा. तोंड होतं ना वर एक? काढलंत का?” मी कबूल केलं, चुकून राहिलं. ते तारेवरच्या तुकड्याकडे बघत राहिले. “तेव्हा तीन दिवस आईचा पदर सोडला नव्हता या तोंडापायी. आज वाटलं, येऊ दे बाबा एकदाचं ते तोंड. तर येईचना.” मग दुखरी दाढ सांगावी तसं सांगितलं, “बायको जाऊन आठ महिने झाले. वर ती असेल याची भीती नाही रे वाटत. वर कुणीच नसलं तर?” एवढं बोलून खाली गेले, भाच्यांना ओरडले, टोप्या घाला म्हणाले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला कळलं. पोरांच्या पदरात अजून फारसं काही पडलेलं नसतं, म्हणून ती चेहऱ्याची वाट बघतात. मोठा माणूस तिकीट काढून आत येतो तो स्वतःचा वरचा मजला बरोबर घेऊन. तिथं काय वाजतंय ते त्याला ठाऊक असतं, आणि तो कित्येक वर्षं खाली बसून घास चावत असतो. सिनेमा जुना होतो, डिंक वाळतो, पण हे कसं जुनं होणार? रोज नवीन माणूस नवीन मजला घेऊन येतो.

मास्तरांना कळलं तेव्हा माझी चंपी झालीच. मी वर तोंड करून म्हटलं, उलट लोक जास्त घाबरले, राहू दे ना असंच. मास्तर म्हणाले, “लोकांना घाबरवून वर तसंच सोडून द्यायचं? तुझ्या घरचा सिनेमा आहे का? लाव ते तोंड परत.” लावलं. काल, बुधवारी, डॉक्टर पुन्हा आले, एकटे. मी केबिनच्या झरोक्यातून पडदा सोडून त्यांच्याकडेच बघत होतो. चार रिळं माणूस लाकडासारखा बसला होता. पाचव्यात चेहरा आला, पोरं खिदळली, आणि डॉक्टरांनी पाठ टेकली. खांदे उतरले. रुमालाने तोंड पुसलं. एवढे दिवस मी समजत होतो की तो चेहरा घाबरवायला ठेवलाय. करणाऱ्याने तो सुटका म्हणून ठेवला असणार. भीती त्याच्या आधीच्या रिळांत आहे.

आता माझं सांगतो, आणि या पत्राचं कारणही हेच. कॉलेज का सोडलं याची माझी गोष्ट तू दहा वेळा ऐकली आहेस: प्रयोगशाळेतले सर अन्यायाने बोलले, मी स्टूल आपटलं, ‘गेलं तुमचं कॉलेज खड्ड्यात’ म्हणालो आणि ताठ मानेने निघालो. तू हसायचीस, मी फुगायचो. ती गोष्ट खोटी आहे. सर साधं एवढंच म्हणाले होते, की उद्या निकाल लागतोय, बघून जा. पेपर कसे गेलेत ते मला माहीत होतं. फळ्यासमोर सगळ्यांदेखत उभं राहून तो आकडा बघायची माझी छाती झाली नाही, म्हणून भांडण उकरून काढलं. भांडून गेलेल्या पोराला निकाल कोण विचारतो? दोन वर्षं मी तो बघितला नाही. तुझ्या बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार, म्हणून तीन महिने तुला टोलवत होतो. त्यांना घाबरत नाही म्हणालो, ते अर्धं खरं आहे. त्यांच्या त्या एका प्रश्नाला घाबरत होतो. आज सकाळी कॉलेजच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, “दोन वर्षांपूर्वीचा? आत्ता सुचलं होय?” शिव्या घालत रजिस्टर काढलं, धूळ झटकली, बोट फिरवलं. एका विषयात नापास. बाकी सगळे पास. दोन महिन्यांनी तोच पेपर पुन्हा देता आला असता. अजूनही देता येतो म्हणाला, कोरा अर्ज दिलाय त्याने. तिथल्या बाकावर बसून मी हसलो, मग जरा रडलोही, तेही सांगून टाकतो. आज पाचला मी तुझ्या बाबांसमोर बसणार आणि हे असंच्या असं सांगणार. ते त्यांच्या तोंडून तुला कळायला नको, म्हणून आधी तुला लिहिलं. हे वाचून मी नको वाटलो, तर चिठ्ठी पाठवायची गरज नाही, तोंडावर सांग. दुकानाच्या काउंटरवर मी स्वतः हे पत्र द्यायला येतोय, तिथंच उभा राहीन. तू वाचून होईपर्यंत थांबेन, आणि तुझं तोंड बघूनच पुढे जाईन. तीनचा खेळ मास्तर सांभाळतायत. शर्ट इस्त्रीचा घातलाय, एक बटण वेगळ्या रंगाचं आहे, त्याला इलाज नाही. हे शेवटचं उभ्या उभ्याच लिहितोय. पत्र खिशात टाकतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच,
भडकू