बोअरमध्ये तेल सापडले नसल्याबाबत

प्रति,
मा. खनिज-संभाव्यता अधिकारी,
विशेष कक्ष, कोल्हापूर.

अर्जदार : पार्श्वनाथ आदगोंडा मगदूम, निवृत्त भूशास्त्र अधिव्याख्याता, रा. पेठ वडगाव, ता. हातकणंगले.

विषय : माझ्या बोअरचे सील व शेजारच्या डिझेल पंपाची टाकी याबाबत.
संदर्भ : माझे तीन अर्ज व आपले एकमेव उत्तर, दि. ७ मार्च २००३.

महोदय,

१) जानेवारीपासून माझ्या बोअरच्या पाण्याला डिझेलचा वास येतो. दोनशे फुटांवर डिझेल पंप आहे. त्याची जमिनीखालची टाकी गळते आणि खडकातल्या भेगेतून ती गळती माझ्याकडे येते, असे मी पहिल्याच अर्जात कळवले होते. आपण त्यातली फक्त भेग उचलली. "भ्रंशालगत खनिज तेल साठते, असे पुस्तकात नमूद आहे" एवढ्या आधारावर टाकी सोडून माझा बोअर सील केला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

२) ते पुस्तक मी एकतीस वर्षे शिकवले, म्हणून सांगतो. तेल तयार होते गाळाच्या खोऱ्यात. जीवांचे अवशेष असलेला चिखल खोल गाडला जाऊन तापला म्हणजे. मग ते सच्छिद्र वालुकाश्मातून वर सरकते. वाटेत भ्रंश असेल, म्हणजे खडक तुटून एक बाजू घसरली असेल, आणि वालुकाश्मासमोर शेल, म्हणजे चिखलाचा घट्ट दगड, येऊन बसला असेल, तर तेल अडते व साठते. तोच भ्रंश उघडा राहिला तर तेल त्यातूनच निसटते. भ्रंश तेल अडवतो किंवा वाट देतो, तयार करत नाही. आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा दगड आहे. इथल्या भेगेतून टाकीतलेच डिझेल येणार. हे चौथ्यांदा लिहिताना मला उबग येतो.

३) सील केल्यावर आपल्या माणसांनी बोअरला हार घातला, फोटो काढले आणि गुंडू नावाचा पहारेकरी बसवला. लोक येऊन नारळ फोडतात. माझी पत्नी राजमती अर्ध्या मैलावरून पाणी आणते, फडक्यातून गाळते व त्याच पाण्याचा चहा गुंडूला देते. तो बोअरशेजारी विडी ओढतो, हे मी दुसऱ्या अर्जात लिहिले. त्यावर तिथे 'तेलक्षेत्र, धूम्रपानास मनाई' असा फलक लागला. तिसऱ्या अर्जाची नुसती पोच मिळाली.

४) आम्ही दोघे म्हातारे, कुठूनही पाणी आणू. परंतु गेल्या मंगळवारपासून पलीकडच्या धोंडुबाईंच्या विहिरीलाही तोच वास येतो. त्यांनी माझ्या पत्नीचा हात धरून सांगितले, "वैनी, कुणाला बोलू नगा. आमच्या बी हिरीला कुलूप घालत्याल, मग पोरांनी प्यायचं काय?" त्या घरातली सात माणसे आपल्या सीलच्या भीतीने ते पाणी निमूट पीत आहेत. याबाबत मला आपल्यापेक्षा माझीच जास्त लाज वाटते, कारण पहिला अर्ज माझा होता.

सबब, माझा बोअर खुशाल बंद ठेवावा. तेल निघाल्यास माझा हक्क नाही. मात्र पंपाची टाकी आजच तपासावी, आणि त्या घरी कुलूप न नेता पाण्याचा टँकर न्यावा.

आपला, नियमापुरता नम्र,
पा. आ. मगदूम
पेठ वडगाव, दि. ४ एप्रिल २००३

सोबत : धोंडुबाईंच्या विहिरीतील पाणी, एक बाटली. त्यांच्या नकळत भरली आहे.